खिंडीतले पाणी

पूर्वी भद्रवाटी नगरात सुयाम नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्वाने हिमवंताच्या कुशीत एका मेंढपाळाच्या घरी जन्म घेतला. त्याचे नाव शैलक. तो वयात आला तेव्हा डोंगरावरच्या वाड्यांनी त्याला आपला मुख्य मानले. नगराकडे जाणारी एकुलती एक खिंड या वाड्यांच्या खालून जात असे. राजाची सेना फार दूर, त्यामुळे मेंढपाळ, लाकूडतोडे आणि मध काढणारे हेच त्या खिंडीचे रखवालदार होते.

एकदा उत्तरेकडच्या राजाने भद्रवाटीवर सैन्य धाडले. त्या सैन्यात पर्णक नावाचा एक अश्वपाल होता. सेनापती अरिंदमाची पांढरी घोडी त्याच्या हवाली होती. तिला चारावे, खरारा करावा, तिच्या पायातला काटा काढावा, एवढेच त्याला ठाऊक. कोणत्या राजाचे कोणाशी वैर, हे त्याने कधी विचारले नव्हते.

सैन्य खिंडीच्या ऐन अरुंद भागात शिरले आणि दोन्ही कड्यांवरून बाण सुटले. खालूनही उत्तर गेले. दोन्हीकडची माणसे पडली. मग कडकडाट होऊन पुढची वाट शिळांनी बुजली, आणि धुरळा खाली बसतो न बसतो तोच मागचीही. शिळा उपसायला जो पुढे होई त्याच्यावर बाण येई. जो स्वस्थ बसे त्याच्या केसालाही धक्का लागत नसे. पर्णकाला याचे नवल वाटले.

पण उन्हाने कडे तापले. पाण्याच्या पखाली रित्या झाल्या. झरा होता तो वर, डोंगरकऱ्यांच्या ताब्यात. सैनिक दगडांच्या सावलीला ओल शोधत पडू लागले. घोडीची मान लोंबली तेव्हा पर्णक तिच्या पायांशी बसला आणि आता आपलेही इथेच संपले असे मनाशी म्हणाला.

त्याच वेळी वरून बोलणे ऐकू आले. त्या अरुंद जागेत वरचा प्रत्येक शब्द कड्यांवर आपटून खाली येत होता.

"दादा, यांच्याच बाणाने माझा धनी गेला," एक बाई म्हणत होती. ती शैलकाची बहीण उत्पला. "आणि तू त्यांना पाणी पाजायला निघालास?"

"वाट अडवायची होती, ती आपण अडवली," शैलक म्हणाला. "घोडे कसे ओरडताहेत, ऐकतेस ना? यांना तहानेने मारायचे असे आपण कुठे ठरवले होते?"

"मग आधी शस्त्रे टाकायला लाव."

"घसा सुकलेला माणूस कशालाही हो म्हणेल, उत्पले. पाणी पिऊन झाल्यावर काय म्हणतात, ते ऐकू."

"पखाली नुसत्या खाली सोड. तू जाऊ नकोस."

"नुसत्या सोडल्या तर ते एकमेकांना तुडवतील. वाटायला कुणीतरी हवे."

थोड्या वेळाने बकऱ्याच्या केसांचा जाड दोर कड्यावरून खाली आला आणि त्याला धरून एक उंच, सावळा माणूस उतरला. अंगावर घोंगडी, पाठीवर पखाल, हातात काही नाही. मागोमाग आणखी पखाली आल्या. त्याने सर्वांना बसवले. जखमींना आधी पाजले, मग म्हाताऱ्यांना, मग बाकीच्यांना. पर्णकाची पाळी आली तेव्हा त्याने ओंजळ तशीच घोडीच्या तोंडाशी नेली. शैलकाने ते पाहिले आणि त्याची ओंजळ पुन्हा भरली. ते पाणी घशाखाली उतरताना पर्णकाला रडू आले.

पाणी प्यायला नाही तो एकटा अरिंदम. शत्रूच्या हातचे पाणी त्याला नको होते. त्याने लोंबणाऱ्या दोराकडे पाहिले, तलवार उपसली आणि शैलकाच्या मानेवर धरली.

"यांचा मुख्य आपल्या हाती आहे. आता वरून कोणी बाण सोडणार नाही. चढा!"

शैलकाने वर पाहून हाक दिली, "उत्पले, दोर काप!"

उत्पलेने कोयता उचलला, पण तिचा हात पुढे होईना. दोर कापला तर भाऊ कायमचा खाली राहणार.

"पर्णका, तू अंगाने हलका आहेस. पहिला तू चढ," अरिंदम ओरडला.

पर्णक घोडीला घेऊन दोरापाशी गेला. तिच्या पाठीवर उभा राहिला. कमरेची सुरी काढली आणि हात पुरेल तितक्या उंचावर त्याने दोर कापला. खालचा तुकडा जमिनीवर पडला. वरचा कोणाच्याही हाताला लागणार नाही असा हलत राहिला.

"द्रोही!" अरिंदम शैलकाला सोडून त्याच्यावर धावला.

पर्णक खाली उतरला. "सेनापती, मला मारा," तो म्हणाला. "पण या माणसाने मला जिवंत केले हो. त्याच्या घरावर मी चढून जाऊ कसा?"

तेव्हा एक म्हातारा धनुर्धर उठला आणि पर्णकाच्या पुढे उभा राहिला. त्याच्या दाढीतून अजून पाणी ठिबकत होते. त्याने धनुष्य शैलकाच्या पायाशी ठेवले. मग दुसरा उठला, मग बरेच जण उठले. पाहता पाहता शस्त्रांचा ढीग झाला. अरिंदम एकटाच तलवार घेऊन उभा राहिला. शैलकाने शेवटची पखाल उचलून त्याच्यापुढे धरली.

"तुमच्या वाट्याचे राखून ठेवले होते," तो म्हणाला. "घ्या."

अरिंदमाने तलवार टाकली. तो घटाघट प्यायला आणि पखालीवर डोके टेकून हुंदके देऊ लागला.

नंतर वरचे लोक खाली उतरले. दोन्हीकडच्या मृतांना त्यांनी एकत्र अग्नी दिला. उत्पला पतीच्या चितेपाशी बसली, तेव्हा परके सैनिक तिच्या मागे हात जोडून उभे राहिले. मग उत्तरेकडची वाट सगळ्यांनी मिळून मोकळी केली आणि सैन्य परत गेले. पर्णक घोडीचा लगाम धरून शेवटी निघाला. त्याने शैलकाचे पाय धरले. शैलकाने त्याला उठवून छातीशी धरले. पुढे आयुष्यभर पर्णक पहिली ओंजळ पिण्याआधी त्या डोंगरांकडे तोंड करून नमस्कार करीत असे.

विहारात भिक्षूंना एवढी पूर्वजन्मीची कथा सांगून शास्ते म्हणाले, "भिक्षूंनो, त्या वेळचा सेनापती अरिंदम म्हणजे आज विहारात येणाऱ्या प्रत्येकाला आधी पाणी देणारा हा वृद्ध उपासक. उत्पला ती ही भिक्षुणी, जिने आपले दुःख बाजूला ठेवून कितीजणींचे डोळे पुसले. माझ्या आजारात रात्रंदिवस उशाशी बसलेला हा भिक्षू तेव्हा पर्णक होता. आणि शैलक मीच होतो. त्या दिवशी मी पाणी दिले आणि पर्णकाने मला प्राण दिले. करुणेने सुरू झालेले काम कृतज्ञतेने पुरे केले. ती कृतज्ञता जपा."