सहा हाकांचा चित्ता

एका माळरानावर काळविटांचा एक मोठा कळप राहत असे, आणि त्या कळपाला आपल्या पायांचा भारी अभिमान होता. मुलांनो, हा अभिमान फुकाचा नव्हता बरे! पळू लागले की त्यांचे खूर जमिनीला लागतात की नाही, अशी पाहणाऱ्याला शंका यावी. पण अभिमानाच्या पाठोपाठ एखादा खुळा रिवाजही येतो, तसा तो इथेही आला होता. चित्ता उठून धावत सुटेपर्यंत कुणी पाय उचलायचा नाही, असा तो रिवाज. चित्ता दबकत दबकत जवळ येत असला, तरी मान ताठ ठेवून त्याच्याकडे पाहत उभे राहायचे. त्याआधी पळतो तो ससा, काळवीट नव्हे!

या रिवाजापायी दर उन्हाळ्यात दोन-चार जण प्राणाला मुकत. मग कळप हळहळे आणि म्हणे, "बिचाऱ्याची चाल कमी पडली." झाले! एवढे बोलून सगळे पुन्हा गवताला तोंड लावत.

या कळपात एक हरिणी होती. मानी म्हणाल तर ती म्होरक्या काळविटापेक्षाही मानी. तिची थोरली बहीण मागच्या उन्हाळ्यात चित्त्याच्या तोंडी गेली होती, आणि तिच्याबद्दलही कळप तेच म्हणाला होता. ते वाक्य हरिणीच्या काळजात काट्यासारखे रुतून बसले होते. आता पुन्हा उन्हाळा आला होता. माळावरची सगळी डबकी आटली होती आणि पाणी उरले होते ते एकाच तळ्यात. तळ्याच्या उगवतीला टेकडी होती, टेकडीच्या पायथ्याशी बोरांची दाट जाळी होती, आणि त्या जाळीत चित्ता राहत होता. हरिणीचे पाडस अजून लहान होते. पाणी प्यायला त्याला तिथेच न्यायला हवे होते, आणि त्याची चाल तर खरोखरच कमी होती. मग त्याने काय मरायचे? हा एकच विचार हरिणीला खात होता.

ती एका उंचवट्यावर उभी राहून चित्त्याची शिकार पाहू लागली. चित्ता उठला की तळ्यावरची टिटवी ओरडायला लागे, आणि तो खाली बसेपर्यंत ओरडत राही. तिच्या दोन हाकांमध्ये दर वेळी सारखाच वेळ जाई.

"टिटवीताई, घाबरल्यावरसुद्धा तुमची हाक लवकर-उशिरा कशी होत नाही हो?" हरिणीने विचारले.

"आमच्या सात पिढ्या हेच करत आल्या," टिटवी छाती फुगवून म्हणाली. "तुम्हाला पायांचा अभिमान, आम्हाला गळ्याचा!"

हरिणीला हवे होते ते मिळाले. चित्ता पोटभर खाऊन जाळीत घोरत पडला की ती माळावर उतरे आणि कोणत्या हाकेपर्यंत तो कुठे पोचला होता ते आपल्या झेपांनी मोजून काढी. पहिल्या हाकेत चित्ता दोन झेपा गेला. दुसऱ्या हाकेत सहा. तिसऱ्या हाकेत दहा! पुढच्या तिन्ही हाकांत मात्र तो बारा-बारा झेपाच गेला, आणि सहावी हाक होताच धापा टाकत खाली बसला. किती झाल्या सगळ्या मिळून? बोटांवर मोजा, मी थांबतो. झाले? चोपन्न. दोन, सहा, दहा, म्हणजे दर हाकेला चार-चार झेपांची भर! चाल अशी ज्या दराने वाढते, त्याला तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकात 'त्वरण' म्हणतात. हरिणीला तो शब्द ठाऊक नव्हता, पण तिच्या अंगावर काटा आला. चित्त्याची खरी ताकद तिला त्या दिवशी कळली.

मग टिटवीला तशाच हाका द्यायला लावून तिने स्वतःला मोजले. एक, तीन, पाच, सात, नऊ, दहा. सहा हाकांत पस्तीस झेपा. तिची चाल वाढे, पण दर हाकेला दोनच झेपांनी. शेवटी तिने पाडसाला पळवले. पाडस काही सरळ पळेना. ते आनंदाने हवेत उड्या मारी, मध्येच वळे, पुन्हा आईकडे येई.

"आई, बघ मी किती पळालो!"

"पळालास खूप रे राजा, पण पोचलास कुठे? निघालास तिथेच! आता उड्या नाहीत. नाकासमोर पळायचं."

नाकासमोर पळून पाडसाने सहा हाकांत आईच्या सत्तावीस झेपांएवढे अंतर कापले.

त्या संध्याकाळी हरिणी सगळ्या कळपासमोर उभी राहिली. म्होरक्या नात्याने तिचा मामा. त्याची शिंगे पीळदार होती आणि स्वभावही तसाच.

"मामा, उद्यापासून चित्ता उठायची वाट पाहायची नाही," ती म्हणाली. "तळ्यापासून तीस झेपांवर वठलेली बाभूळ आहे. चित्ता तिथवर आला की निघायचं."

"उठायच्या आधी? सशांसारखं?" मामाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "तुझी बहीण गेली म्हणून तू भ्यालीस, पोरी. तिची चाल कमी पडली, त्याला कोण काय करणार?"

"माझ्या बहिणीची चाल कमी नव्हती!" हरिणीचा आवाज असा चढला की चरणारी हरणे चरायची थांबली. "या कळपात तिच्या तोडीचं कुणी नव्हतं. तुम्हीसुद्धा नाही, मामा! चित्ता तिच्यापासून बारा झेपांवर उठला. चौथ्या हाकेच्या आत त्यानं तिला गाठलं. तेव्हा तिची चाल अजून वाढतच होती. तिला पुरतं पळायला वेळच मिळाला नाही, आणि तो वेळ आपल्या रिवाजानं खाल्ला."

 तिने पुढे सांगितले, "आणखी एक. आपण सवयीनं टेकडीकडे पळतो. पण टेकडीच्या वाटेवर चित्ताच बसलाय! मग आपली चाल त्याच्याच कामाला येते. पळायचं ते मावळतीला, मोकळ्या माळावर, त्याच्याकडे पाठ करून."

मुलांनो, चाल किती हे सांगितले पण दिशा सांगितली नाही, तर गोष्ट अर्धीच राहते. चालीला दिशा जोडली की तिला 'वेग' म्हणतात. वाघासमोरून जीव खाऊन पळालो असे कुणी सांगितले, तर कोणीकडे पळाला ते आधी विचारावे.

"पण तूच म्हणतेस, सहा हाकांत चित्ता चोपन्न जातो आणि आपण पस्तीस," एक तरुण काळवीट म्हणाला. "म्हणजे आपल्याला वीस झेपांचं अंतर पुरे. मग तीस कशाला?"

"तुला वीस पुरे. पाडसाला सत्तावीस लागतात, आणि तीन हाताशी राखून ठेवल्यात. कळपाची रेघ तुझ्या पायांनी आखायची नाही, पाडसाच्या पायांनी आखायची."

मामाने शिंगे हलवली. "तू तुझी पळ. मी चित्ता उठल्याशिवाय हलणार नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी कळप तळ्यावर आला. सगळ्यांनी पाण्यात तोंडे घातली. हरिणीचा घसा कोरडा पडला होता, पण ती प्यायली नाही. तिची नजर गवतावर होती. थोड्या वेळाने गवत हलले, वारा नसताना हलले. पिवळे अंग जमिनीसरसे सरकत पुढे आले, थांबले, पुन्हा सरकले. वठलेल्या बाभळीच्या बुंध्याशी पोचले.

"निघा!" हरिणी ओरडली.

कळपातल्या सगळ्या माद्या आणि पाडसे मावळतीला सुटली. शिकार निसटते आहे म्हटल्यावर चित्ता कशाला लपून बसतो? तो तिथूनच उठला. तो उठताच मामा आणि त्याचे शिंगवाले सोबतीही पळाले, आणि आपण रिवाज मोडला नाही याचे त्यांना मोठे समाधान वाटले! चित्त्याने मात्र त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. त्याने हरिणीचे पाडस हेरले होते.

टिटवीने पहिली हाक दिली. हरिणी पाडसाच्या शेजारून धावत होती. तिला याहून कितीतरी जोरात पळता आले असते, पण ती पाडसाच्याच चालीने धावली. दुसरी हाक. तिसरी हाक. मागची धपधप आता ऐकू येऊ लागली. चौथ्या हाकेला चित्ता बारा झेपांवर होता.

"आई, तो आला!"

"येऊ दे. मागं बघू नकोस. नाकासमोर!"

पाचवी हाक. चित्ता सात झेपांवर. हरिणीच्या मनात आले : माझे मोजणे चुकले असेल तर? एखाद्या झेपेला मी लहान पाऊल टाकले असेल तर? पण पाय थांबवून मोजणी तपासायची ती वेळ नव्हती. बहिणीला मिळाला नाही तो वेळ पाडसाला देण्यासाठी ती उन्हातान्हात मोजत हिंडली होती, आणि आता त्याच मोजण्यावर तिने लेकराचा जीव ठेवला होता. चित्त्याचा गरम श्वास जवळ आला. पाडस उडी मारून बाजूला वळणार, तोच तिने खांद्याने रेटून त्याला सरळ ठेवले.

सहावी हाक झाली. मागची धपधप थांबली.

हरिणीने वळून पाहिले. तीन झेपांवर चित्ता जीभ बाहेर काढून बसला होता. त्याच्या कुशी भात्यासारख्या हलत होत्या. हरिणी पाडसाला घेऊन चार पावले पुढे गेली, मग वळून ताठ मानेने त्याच्यासमोर उभी राहिली. तिच्या अंगावर मूठभर मांस चढले होते, आणि ते तिला शोभतही होते.

"आज तू माझ्यापेक्षा जोरात पळालीस," चित्ता धापा टाकत म्हणाला.

"छे! तुझी चाल माझ्याहून जास्त आहे, आणि आजही होती. मी मान्य करते," हरिणी म्हणाली. "पण तू सहा हाकांचा आहेस, आणि ते आता मला ठाऊक आहे."

चित्ता कसाबसा उठला आणि जाळीकडे परतला. 

कळप माळावर पुन्हा गोळा झाला. सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिले. आज एकही जण कमी नव्हता. किती उन्हाळ्यांनी असे झाले होते, कुणाला आठवेना.  मग मामा शिंगे सावरत, साऱ्या कळपाच्या देखत हरिणीसमोर आला. त्याचा आवाज नेहमीसारखाच भारदस्त होता, पण त्यात कौतुक मावत नव्हते.

"पोरी, उद्यापासून तळ्यावर पुढं तू उभं राहायचं. आम्ही तुझ्या शब्दावर निघू. उद्याची रेघ त्या बाभळीपाशीच ना?"

हरिणीने मागे पाहिले. गवतात, सकाळी तळ्यावर न आलेली दुसरी एक हरिणी बसली होती, आणि तिच्याजवळ त्याच पहाटे जन्मलेले एक पाडस थरथरत्या पायांवर उभे राहू पाहत होते.

"आत्ताच कसं सांगू, मामा? आधी हे बाळ पळताना पाहू दे," ती म्हणाली. "तोवर आपण सगळे त्याच्यासाठी थांबू."

आणि तो एवढा पायांचा अभिमानी कळप त्या इवल्याशा पाडसाभोवती उभा राहिला.

तात्पर्य : कोणाची चाल किती, एवढ्यावर भुलू नये. ती चाल किती लवकर वाढते, कोणत्या दिशेला जाते आणि किती वेळ टिकते, हे जो मोजून जाणतो, तो आपल्यातल्या सर्वांत सावकाश चालणाऱ्यालाही वाचवू शकतो. आणि अभिमान धरावा तर अशाच मोजणीचा.