आंबेखोलचं पान

धरणात बुडालेल्या आंबेखोलची माणसं शहरोशहरी पांगली होती. शर्वरी घागने त्यांच्यासाठी इंटरनेटवर गावाचं एक पान उघडलं. ज्याला जे आठवेल ते त्याने लिहायचं, चुकलेलं दुसऱ्याने सुधारायचं. कोणी काय बदललं आणि का, हे जुन्या मजकुरासकट शेजारीच दिसायचं.

एकदा तिच्या दिवंगत वडिलांनी लिहिलेली डोहाची आठवण पानावरून गेली. तिथे ग्रामस्थ मंडळाचे अध्यक्ष भास्करराव शिर्के यांच्या सत्काराचं वर्णन आलं. बदल करणाऱ्याचं नावही त्यांचंच होतं.

मंडळाच्या सभेत भास्करराव गरजले, "ही बदलांची नोंद बंद करा! आज जे आहे तेवढंच लोकांनी बघावं. आधी काय होतं ते उकरायचं कशाला?"

शर्वरी शांतपणे म्हणाली, "चालेल, काका. मग आंबेखोलच्या पानावर एकच ओळ ठेवते, 'इथे पाणी आहे.'"

मागे कुणाला तरी हुंदका फुटला.

"नोंद राहू दे, पोरी," भास्करराव म्हणाले. "बाबांचं लिहिलेलंही परत लाव. आणि आमच्या परसातल्या फणसाबद्दल कुणी लिहिलंय का गं?"