जिन्याच्या वळणावरचं कपाट

विषय : अनुग्रह मिळणे व मठात कायमचे राहू देणे.

संदर्भ : श्री. श्रीरंग दातीर, गणित शिक्षक, यांचा दोन प्रतींतील अर्ज. घरच्यांचे ना-हरकत पत्र सोबत जोडलेले नाही.

“पण घरच्यांचं पत्र कशाला?” दातीर मास्तरांनी विचारलं. “परमार्थ माझा आहे. त्यांचा त्यात काय संबंध?”

येसूबुवा अर्ज हातात धरून बसले होते. त्यांना वाचता येत नव्हतं. पण कुणी कागद दिला की दोन्ही हातांनी घ्यायचा, एवढं शिष्टाचाराचं ज्ञान त्यांना होतं. बाजारपेठेत तीस वर्षं हमाली करून ते नदीकाठच्या या मठात येऊन बसले. कमी बोलत, म्हणून लोक प्रश्न विचारू लागले. बुवा सगळ्यांना ‘अरे’ म्हणत. तहसीलदारांनाही.

“हमालीत एक रीत असते,” बुवा म्हणाले. “ओझ्याखालचा हात काढायचा तर आधी जोडीदाराला सांगायचं. तो ‘काढ’ म्हणाला की काढायचा.”

“आणि नाही म्हणाला तर?”

“तर नाही काढायचा.”

“हे फारच सोपं झालं, बुवा.”

“हो... तुला अवघड लागतं.”

हे खरं होतं. अवघड गणितांचे मास्तर म्हणून दातीर तालुक्यात प्रसिद्ध होते. काळ, काम, वेग हा त्यांचा हातखंडा विषय. अमुक गडी तमुक काम किती दिवसांत करतील, हे ते डोळे मिटून सांगत. त्या गणितांतले गडी कधी दमत नसत, भांडत नसत आणि चहा मागत नसत. घरची माणसं या तिन्ही गोष्टी करत. म्हणून मास्तरांना वैराग्य आलं होतं.

“आणतो पत्र,” ते उठले. “संध्याकाळच्या आत आणतो.”

“चल,” बुवाही उठले. “मीही येतो.”

घरी मास्तरांची बायको कुमुद जिन्यावरून खाली येत होती. हातात सासूबाईंचं लुगडं, दातांत किल्ली. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्या खालच्या खोलीत झोपत; त्यांचं सागवानी कपाट मात्र वरच होतं. त्यांना तासातासाला त्यातलं काहीतरी लागे.

मास्तरांनी पत्राचं सांगितलं. कुमुदनं तोंडातली किल्ली काढली.

“हे बुवा का? आमचं माणूस न्यायला आलेत ते?”

“मी नेत नाही, बाई. तोच येतो म्हणतो.”

“मग खुशाल न्या. पण आधी ते कपाट खाली आणायला सांगा. चार महिने झाले. कपाट खाली, मग पत्र.”

“नकाशा तयार आहे,” मास्तर दुखावून म्हणाले.

नकाशा खरोखरच तयार होता. चौकटीच्या कागदावर, शाईनं काढलेला. जिना, कठडा, भिंत, वळणावरचा चौकोनी टप्पा, आणि आडवं कपाट कोणत्या अंशातून वळेल याच्या सात आकृत्या.

“दादा, गेल्या दिवाळीलाही सातच होत्या,” धाकटा भाऊ भालू म्हणाला.

“तेव्हाच्या चुकीच्या होत्या.”

काम सुरू झालं. कपाट आडवं करून चौघांनी जिन्याच्या तोंडाशी आणलं. बुवा आणि भालू वरच्या टोकाला. कुमुद खालच्या टोकाला, एकटी. मास्तर सगळ्यांच्या वर, नकाशा घेऊन.

“डावीकडे तीन अंश!” मास्तर म्हणाले.

“अंश म्हणजे किती बोटं?” कुमुदनं खालून विचारलं.

वळणावर कपाट अडकलं. एक कोपरा भिंतीत, दुसरा कठड्यात. मागेही जाईना, पुढेही येईना.

“हे शक्यच नाही,” मास्तर कागद पाहत म्हणाले. “आकृती चार बघा. इथं दीड इंच जागा उरते.”

“मग ती आकृती नेऊन आईंच्या खोलीत ठेवा,” कुमुद म्हणाली. “लुगडी त्यात मावतात का बघू.”

बुवांनी कपाटाखालून मान काढली.

“मास्तर, ओझं कुणाच्या अंगावर आहे?”

“...कुमुदच्या.”

“बोलतंय कोण?”

मास्तरांनी हातातल्या नकाशाकडे पाहिलं.

“जिन्यात खालच्या टोकाला असेल तो बोलतो. वरच्यांनी ऐकायचं. वर कोणी का असेना. खाली जा.”

“मी खाली गेलो तर नकाशा कोण बघणार?”

“कुणीच नाही.”

मास्तर कठड्यावरून उतरून खाली गेले आणि बायकोशेजारी खांदा लावला. बावीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी इतके गडी कामाला लावले होते; गड्याच्या जागी ते पहिल्यांदाच उभे होते. तिथून काही दिसत नव्हतं. नाकासमोर सागवान, त्यावर कधीकाळी चिकटवलेलं कॅलेंडराचं चित्र, आणि डाव्या कानाशी कुमुदचा श्वास.

“आता?” भालूनं वरून विचारलं.

मास्तरांनी आकृती पाच आठवून पाहिली. आठवली. उपयोग झाला नाही.

“कुमुद,” ते हळूच म्हणाले, “तुला काय वाटतं?”

“मला विचारताय?”

“हो.”

“उभं करा.”

“काय?”

“इथं, टप्प्यावर, उभं करा. वर छत कुठंय? दोन माणसं एकावर एक उभी राहतील एवढी उंची आहे. मी गाद्या अशाच उतरवते. उभी करायची, फिरवायची, पुन्हा आडवी करून खाली.”

मास्तर कपाटाखाली उभे राहिले. चार महिने त्यांनी जिना वरून पाहिला होता. सात आकृत्या, सातही वरून काढलेल्या. वरून काढलेल्या जिन्याला उंची नसते.

“चूक कागदाची आहे,” ते म्हणाले.

“हो हो. कागदाचीच.”

“उभं करायचं!” मास्तरांनी वर हाक दिली. “हळूहळू वर लोटा. खालची कड मी टेकवतो.”

वरचं टोक उठू लागलं. कपाट करकरलं. सगळा भार खालच्या कडेवर आला, आणि ती कड मास्तरांच्या हातांवर. फरशीपासून चार बोटं... तीन... दोन...

“पाय,” कुमुद म्हणाली. ती ओरडली नाही, दम नव्हता. तिच्या साडीचा काठ कठड्याच्या खिळ्यात अडकला होता, आणि पाऊल कडेखाली.

“टेकव!” वरून बुवांचा आवाज आला. “मास्तर, टेकव आता!”

“नाही.”

“अरे टेकव! भालूचा हात सुटतोय!”

“नाही म्हटलं ना!”

“कुणाला नाही म्हणतोस? गुरू मानतोस ना मला? माझी आज्ञा आहे, सोड!”

“असेल आज्ञा!” मास्तरांच्या मानेच्या शिरा फुगल्या होत्या. “तिचा पाय खाली आहे. तुम्ही वर आहात, तुम्हाला दिसत नाही. गप्प बसा आणि ओढून धरा!”



वरून एक शब्द आला नाही. पण कड बोटभर उचलली गेली.

कुमुदनं काठ टर्रकन फाडला. पाऊल मागे घेतलं.

“आता,” ती म्हणाली.

“आता,” मास्तर वर ओरडले.

कपाट टेकलं. उभं राहिलं, फिरलं, आडवं झालं, आणि पाव तासात सासूबाईंच्या पलंगाशेजारी जाऊन बसलं. सासूबाईंनी पाहून घेतलं. दार भिंतीकडे आलंय, म्हणाल्या. पुन्हा फिरवलं.

मग चहा झाला. मास्तरांच्या तळहातांची सालं निघाली होती. बशी धरता येईना, म्हणून ते कपानं पीत होते. बुवांकडे त्यांनी पाहिलं नाही.

“मी माफी मागणार नाही,” ते अखेर म्हणाले.

“मी माग म्हटलं का?”

“तुम्हाला गप्प बसा म्हणालो. अनुग्रह नको द्यायचा तर नका देऊ. पण पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा म्हणेन.”

“बरं.”

“तुम्हाला खरंच दिसत नव्हतं? की मुद्दाम...”

बुवांनी चहाचा घोट घेतला.

कुमुद आतून आली. नकाशाच्या मागच्या बाजूला तिनं काहीतरी लिहिलं होतं. कागद तिनं बुवांसमोर धरला.

“कपाट आलं. हे पत्र. बोलल्याप्रमाणे.”

बुवांनी तो दोन्ही हातांनी घेतला आणि मास्तरांकडे दिला.

“वाच. मला येत नाही.”

मास्तरांनी चष्मा लावला. पत्र एका ओळीचं होतं. त्यांनी ते मनात वाचलं. मग पुन्हा वाचलं.

“मोठ्यानं वाच, अरे.”

“‘हरकत आहे.’” मास्तर वाचू लागले. “‘सौ. कुमुद श्रीरंग दातीर.’”

कुमुद फाटलेल्या साडीनिशी दारात उभी होती, हाताची घडी घालून. मास्तरांनी खिशातून शिसपेन्सिल काढली आणि बायकोच्या सहीखाली, सोललेल्या हातानं, स्वतःची सही केली.

बुवा उठले. कुमुदसमोर जाऊन त्यांनी हात जोडले.

“बाई, माझा एक अर्ज आहे. तोंडी. मठात सगळे माझं ऐकतात. गुरुवारच्या गुरुवार तासभर याला पाठवत जा. मला गप्प बसवायला कोणी नाही तिथं.”

कुमुदनं त्यांच्याकडे पाहिलं. मग रिकामे कप गोळा केले.

“बघू,” म्हणाली.

पंधरा दिवसांनी भालू मठात गेला. बुवा ओसरी झाडत होते.

“बुवा, आमच्या दादाच्या अर्जाचं काय झालं?”

“त्याचा त्याच दिवशी निकाली निघाला,” बुवा म्हणाले. “माझा तुझ्या वहिनीकडे आहे... अजून उत्तर आलेलं नाही.”