भुऱ्याचं लंगडणं

प्राणी माणसांशी मोकळेपणानं बोलत, त्या काळची ही गोष्ट. म्हादू कुंभार दिवसभर जेमतेम चार शब्द बोले. ओढ्यापलीकडच्या ठकू कासारणीचं तोंड मात्र क्षणभर मिटत नसे.

एकदा म्हादूचा कुत्रा भुऱ्या लंगडत तिच्या दारात गेला. तिनं बडबडतच त्याच्या पुढच्या पायातला काटा काढला आणि हळद लावली. इतक्यात त्याला शोधत म्हादू आला.

"अहो, कुत्रा पाळलाय तर लक्ष नको ठेवायला?" ठकू त्याच्यावरच घसरली. म्हादू ऐकत राहिला. ते बोलणं संपूच नये, असं त्याला वाटलं.

भुऱ्याची जखम भरली, पण म्हादूला घर सुनंसुनं वाटू लागलं.

"धनी, जा की तिच्याकडं," भुऱ्या म्हणाला.

"काय सांगून जाऊ?"

भुऱ्या लगेच मागच्या पायानं लंगडू लागला. दोघं ओढा ओलांडून गेले.

ठकूनं तो पाय निरखून पाहिला. साधा ओरखडाही नव्हता. तिनं म्हादूकडं पाहिलं आणि आयुष्यात पहिल्यांदाच ती गप्प बसली. मग म्हादूलाच बोलावं लागलं.

"पाय बरा आहे त्याचा. मलाच यायचं होतं."

ठकूनं ओसरीवरची बांगड्यांची टोपली बाजूला सारली आणि त्याला बसायला जागा केली.