दोरधऱ्यांची ठकू

दोरधरे. ऐकलंय का कधी हे आडनाव? नसेलच. शाळेत नवा मास्तर आला की हजेरी घेताना या नावापाशी थांबतो, चष्मा पुसतो आणि पुन्हा वाचतो. सगळ्या मुलखात मोजून अकरा घरं. नऊ आमच्या पिंपळसोंडेत, एक नाशकात आणि एक थेट सुरतेला. हे आडनाव आलं कुठून असं कुणी विचारलं, की आम्ही त्याला आधी खाली बसवतो. तुम्हीही बसा, उभ्या उभ्या सांगायची गोष्ट नाही ही.

माणसांना नुसती नावं होती, आडनावं अजून चिकटायची होती, तेव्हाची ही हकिगत. आमच्या गावामागच्या कड्याला त्या काळी आग्या माश्यांची मोहोळं लटकायची. एकेक पोळं बाजेएवढं, असं म्हणतात. माझा आजा तर हात पसरून दाखवायचा, आणि दर वर्षी हात थोडे जास्त पसरायचा.

गावाची रीत अशी, की मूल जन्मलं म्हणजे बाराव्या दिवशी त्याच्या जिभेवर मधाचं बोट लावायचं. तो मध बापानं स्वतः कड्यावरून दोरानं उतरून आणायचा. मध लागला नाही ते पोर गावाचं नाही, त्याच्या बारशाला कुणी पाऊल टाकायचं नाही. बरं, बाप खाली लटकणार तर वर दोर कोण धरणार? त्याचा मेहुणा, बायकोचा भाऊ. बहिणीचं कुंकू ज्याच्या हातात आहे तो हात सैल सोडणार नाही, असा गावाचा सरळ विचार. परक्यानं दोर धरला तर कडा कोपतो म्हणायचे.

इथंच चिंधूचं घोडं अडलं. चिंधू हा पोरका गडी, गावात वाढलेला, गावानंच त्याचं लग्न लावलेलं. त्याची बायको रखमी एकुलती एक. तिला ना भाऊ, ना चुलतभाऊ, ना मावसभाऊ. तिला पहिली मुलगी झाली आणि अकरावा दिवस उजाडला तरी मधाचा पत्ता नाही. चिंधू पारावर जाऊन ज्याला त्याला हात जोडत होता. "कुणीतरी या हो. पोरीला माझ्या नाव तरी मिळू द्या." आणि गावातले बाप्ये, काय सांगू तुम्हाला, सगळे मान वर करून आभाळ न्याहाळत बसले होते.

तेवढ्यात पाण्याचा हंडा घेऊन ठकू तिथनं चालली होती. "वर काय बघताय रे? मोहोळ कड्याला आहे, आभाळात नाही," ती म्हणाली.

ही ठकू म्हणजे गावातली विधवा बाई. तोंडानं फटकळ, पण हाक मारली तर मध्यान्ही चूल टाकून धावणारी. तिचा नवरा बाजारासाठी मध काढताना याच कड्यावरून पडून गेला होता. रीत मोडली होती म्हणावं तर तेही नाही. दोर ठकूच्या सख्ख्या भावानं, मानाजीनं धरला होता. माश्या उठल्या, त्याला डसल्या आणि त्याचे हात सुटले. त्या दिवशी ठकू खाली वाटेवर उभी होती. तिला धक्का बसू नये म्हणून बायाबापड्या तिला सांगत होत्या, "आला वर, आला. तू घरी चल." घरी गेल्यावर तिला खरं कळलं. त्यानंतर बारा वर्षं मानाजीनं बहिणीला तोंड दाखवलं नव्हतं.

तर ठकूनं हंडा खाली ठेवला आणि म्हणाली, "चिंधू, तुझा दोर मी धरते."

"अगं, तू रखमीची कोण?" कुणीतरी विचारलं.

"भाऊ."

सगळा पार खो खो हसला. "हसा की," ठकू म्हणाली. "भावानं धरलेला दोर मी बघितलाय. आता माझे हात बघा." मग ती तशीच चिंधूच्या दारात गेली. "रखमे, मला दादा म्हण. एकदा म्हणालीस की या सगळ्यांची तोंडं मिटली."

रखमी ओली बाळंतीण, पोरीला पदराखाली धरून बसलेली. तिनं डोळे पुसले आणि हळूच म्हणाली, "दादा."

दुसऱ्या दिवशी उन्हं तापायच्या आत दोघं कड्यावर गेली. ठकूनं कडेच्या अंजनाच्या खोडाला दोराचा एक वेढा दिला, उरलेला कमरेभोवती घेतला आणि टोक मुठीत आवळलं. चिंधू उतरला. त्यानं धूर केला, पोळ्याची कड कापली, मध मडक्यात धरला. सगळं ठीक चाललं होतं. तेवढ्यात वारं फिरलं, धूर उलटा गेला आणि मोहोळ उठलं.

माश्यांनी चिंधूला एवढं फोडलं की त्याची शुद्ध हरपली. दोराला तो नुसता ओझ्यासारखा लोंबत राहिला. उरलेल्या माश्या वर आल्या. ठकूच्या अंगावर त्या घोंगडीसारख्या बसल्या, असं म्हणतात. तिचे डोळे सुजून मिटले, ओठ फुगले. चिंधूला ओढून घ्यायची ताकद तिच्या एकटीत नव्हती. सोडणं तिच्या स्वभावात नव्हतं. मग ती नुसती धरून उभी राहिली. सूर्यही दोन घटका अंजनाच्या शेंड्यावर खोळंबला, आणि तिच्या टाचा कातळात रुतून तिथं दोन खळगे पडले, असं म्हणतात. खळगे मात्र आहेत हं, मी त्यात पाय ठेवून पाहिलाय.

खाली गाव जमलं. वर जायचं धाडस कुणाला होईना. मग गर्दीतनं एक म्हातारा होऊ लागलेला माणूस घोंगडी डोक्यावर घेऊन चढाला लागला. तो मानाजी होता. वर पोचून त्यानं घोंगडी बहिणीच्या अंगावर टाकली आणि उघड्या अंगानं तिच्यामागं दोर धरला.

ठकूला दिसत तर काहीच नव्हतं. "कोण रे?" तिनं विचारलं.

"मी हाय, आक्का. मानाजी."

ठकूनं मुठी आणखी आवळल्या. मग म्हणाली, "या खेपेला सोडशील तर बघ."

"नाय सोडत गं, आक्का. मेलो तरी नाय सोडत." आणि तो माणूस लहान पोरासारखा रडत रडत दोर ओढू लागला. ते बघून बाकीच्यांनाही लाज वाटली. चार जण धावले आणि चिंधू वर आला. मडक्यात मध होता आणि छातीत श्वास होता.

पण ठकूच्या मुठी काही उघडेनात. मानाजी म्हणाला, "आक्का, आला तो, सोड." तिनं मान हलवली. चिंधूला शुद्ध आली, तो म्हणाला, "मी इथंच आहे, सोडा आता." तरी नाही. "आला, आला म्हणून मला एकदा सांगून झालंय," ती म्हणाली. "जिचा आहे, तिला बोलवा."

रखमी बाराव्या दिवसाची बाळंतीण, पोरीला छातीशी धरून कडा चढून आली. आधी तिनं नवऱ्याच्या तोंडावरून हात फिरवला. मग ठकूच्या सुजलेल्या मुठींवर आपला हात ठेवला. "दादा, सोड. आला माझा माणूस."

तेव्हा कुठं ठकूनं दोर सोडला.

पुढं बऱ्याच वर्षांनी नावनिशी लिहायला कारकून आला. "आडनाव काय लावू?" त्यानं विचारलं. चिंधू म्हणाला, "दोरधरे." मानाजी मागं सरकून उभा होता. म्हणाला, "माझं ते लावू नका, मी एकदा सोडलाय." ठकू ओसरीवरनं ओरडली, "त्याचंही तेच लिहा. आणि नीट अक्षरात लिहा." ठकूच्या पोटी मूल नव्हतं. तरी आज अकरा घरं तिच्या नावानं ओळखली जातात. बाकीची कुळं आपलं मूळ राजेरजवाड्यांत शोधतात. आमच्या दोरधऱ्यांना विचारा, ते कड्याकडे बोट दाखवतात.

आता कड्याला मोहोळ नाही, मध दुकानातून येतो. पण लग्नात नवरीचा भाऊ नवऱ्याचा कान पिळतो ना, बहिणीला नीट सांभाळ म्हणून? आमच्या पंचक्रोशीत जिला भाऊ नाही, तिच्या लग्नाचं पहिलं बोलावणं दोरधऱ्यांकडं जातं. त्यांच्या घरची बाई येते, मग सुरतेहून का यावं लागेना. ती नवऱ्याचा कान धरते आणि पिळलेला कान काही केल्या सोडत नाही. नवरदेव पातळ देवो, नारळ देवो, वऱ्हाडी आरडाओरडा करोत. नवरीनं स्वतः "दादा, सोड" म्हणायचं, तेव्हाच सुटका. पोरीला जन्मात पहिल्यांदा कुणालातरी दादा म्हणायचं असतं. भल्याभल्या बोलक्या पोरींना तिथं शब्द फुटत नाही, आणि बिचाऱ्या नवऱ्याचा कान तोवर लालबुंद होतो.