दवंडीवाल्याच्या घरातला काऊ

एका गावात एक दवंडीवाला होता. आवाज असा, की तो ओरडला की म्हशी दूध आत ओढायच्या. त्या गावची एक रीत होती. कुणाचंही लेकरू पहिला शब्द बोललं की दवंडीवाल्यानं डफडं वाजवत तो शब्द गावभर सांगायचा आणि लेकराच्या बापानं गूळ वाटायचा.

दवंडीवाला काम चोख करायचा, पण मजा घेत. कुंभाराची पोरगी पहिल्यांदा बोलली, तेव्हा तो चौकात बोंबलला, "ऐका हो ऐका! कुंभाराच्या लेकीचा पहिला शब्द, भोप्पा!" भोपळ्याचा भोप्पा ऐकून गाव खो खो हसलं. कुंभार बिचारा गूळ वाटत मान खाली घालून फिरला.

मग दवंडीवाल्यालाच पोरगा झाला. आता आली का पंचाईत!

त्याची बायको पोराला भरवताना बोलायची, "तो बघ काऊ आला. काऊला मंमं देऊ? दे बाळा, दे."

दवंडीवाला खेकसला, "काऊ काय, मंमं काय! उद्या ह्याचा पहिला शब्द काऊ निघाला तर मी चौकात कुठल्या तोंडानं ओरडू? आख्खं गाव हसायला टपलंय. ह्या घरात असलं बोबडं बोलायचं नाही."

"अहो, लहान आहे तो."

"लहान आहे म्हणूनच आत्तापासून वळण!"

मग तो स्वतःच रोज पाळण्यापाशी उभा राहून शिकवायला लागला. "समस्त गावकऱ्यांना कळवण्यात येतं की..." पोरगं भोकाड पसरायचं. आणि बायको? बोलताना चूक होईल म्हणून ती गप्पच भरवायला लागली. घास, घास, घास. मधे एक शब्द नाही.

गल्लीतली बाकीची पोरं चुरुचुरु बोलायला लागली. ह्याचं पोरगं नुसतं बघायचं.

एकदा कुंभारीण म्हणाली, "भाऊजी, पोराशी घरात बोलतं कोण?"

"मी बोलतो की! रोज."

"तुम्ही ओरडता. समस्त गावकऱ्यांना त्यानं काय उत्तर द्यावं?"

दवंडीवाल्याला राग आला. रागात माणूस ऐकतो होय?

मग एका दुपारी सगळे जेवायला बसले होते. कुंपणावर एक कावळा आला. पोरानं आपल्या ताटातला भात मुठीत घेतला, हात लांब केला आणि म्हणालं, "काऊ... मंमं?"

आईचा घास हातातच राहिला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पोरगं आईकडं बघून हसलं, मग बापाकडं वळलं. आता बाप काहीतरी म्हणेल, असं त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

बाप म्हणाला सुद्धा. कसा, तर चौकातल्या आवाजात. "काऊ नाही! का-व-ळा! म्हण! कावळा!"

कावळा भुर्रकन उडाला. पोराच्या मुठीतला भात खाली सांडला आणि तोंड मिटलं ते मिटलंच.

त्या शब्दाची दवंडी झाली नाही. गूळही वाटला नाही. दवंडीवाला म्हणाला, "हा धरायचा नाही. चांगला शब्द येऊ दे."

पुढं पोरगं बापासमोर तोंडच उघडेना, तेव्हा त्याला आपली चूक कळली. मग तो कुंपणापाशी भाकरीचा तुकडा घेऊन बसायचा. एवढा दांडगा बाप्या हळूच म्हणायचा, "काऊ ये. बाळा, बघ, काऊ मंमं खातो." कावळे यायचे. पोरगं आईच्या पदराआड जायचं. मोठं झाल्यावरही ते आईशी कुजबुजायचं, पण बापापुढं नुसती मान हलवायचं.

म्हातारपणी दवंडीवाल्याचा आवाज बसला. पोरगं काही डफडं घेईना. गावानं ते कुंभाराच्या लेकीला दिलं. हो, तीच, भोप्पावाली!

डफडं घ्यायला ती आली तेव्हा म्हणाली, "काका, तुमच्या पोराची दवंडी राहिलीच की. पहिला शब्द काय होता त्याचा?"

म्हाताऱ्यानं कुंपणाकडं बघितलं. मग म्हणाला, "काऊ. चांगला शब्द होता गं."

ती चौकात गेली. "ऐका हो ऐका! दवंडीवाल्याच्या लेकाचा पहिला शब्द, काऊ!"

कुणी हसलं नाही.

म्हातारा घरोघर गूळ वाटत फिरला. सगळ्यात शेवटी लेकापुढं हात धरला. लेकानं गूळ घेतला, मान हलवली आणि आत निघून गेला.

तात्पर्य: लेकराच्या बोबड्या शब्दाला आधी ओ द्यावी; चुका दुरुस्त करायला पुढं आख्खं आयुष्य पडलंय, पण न दिलेली ओ मागाहून देता येत नाही.