झुंबरची जागा

“मग चार वर्षांत शाळेनं तिला दिलं काय, गुरुजी?”

विहाराच्या पायरीवर बसता बसताच सुचितानं विचारलं. खांद्यावरची पर्ससुद्धा उतरवली नव्हती.

गुरुजी आता गुरुजी राहिले नव्हते. निवृत्तीनंतर त्यांनी चीवर घेतलं होतं. गाव त्यांना भन्ते म्हणायचं. पण सुचिता त्यांच्याच हाताखाली शिकलेली, आणि आता त्यांच्याच शाळेत मॅडम. तिच्या तोंडी जुनं नाव यायचं. भन्ते चालवून घेत.

“कुणाला?”

“झुंबरला.”



झुंबर म्हणजे गावाबाहेर पालं ठोकून राहणाऱ्या लोकांची पोर. चौथीत होती. रविवारी तापात गेली.

सुचिताच्या वर्गाचं तालुक्यात नाव होतं, आणि तिला ते ठाऊकही होतं. अक्षरांची गाणी, चित्रं, मातीची अक्षरं, सगळं करून झालं होतं. पण ‘घ’ घराचा म्हटलं की झुंबर विचारायची, मॅडम, आमच्या पालाचा कोणता? वर्ग हसायचा, तीही हसायची, आणि वाचन तिथंच राहायचं. शेवटपर्यंत तिला एक ओळ सलग वाचता आली नाही. वर्गात वाचायची तेवढी एकच राहिली होती... आणि तीच गेली.

आपण नोकरी सोडणार, असं सुचितानं सांगितलं. मनात होतंच. आज सकाळी पक्कं झालं.

“सकाळी काय झालं?”

प्रार्थनेची रांग. भन्तेंच्या वेळेपासून तशीच. उंचीप्रमाणे उभं राहायचं, बुटकी पुढं, उंच मागं. एक हात लांब करून समोरच्याच्या खांद्याला टेकवायचा, अंतर घ्यायचं, की हात खाली. आज चौथीच्या रांगेत मधेच एका पोराएवढी जागा मोकळी होती. सुचिता म्हणाली, पुढं सरका. कुणी सरकलं नाही. पुन्हा म्हणाली. सगळी पोरं जमिनीकडे बघत उभी.

झुंबरच्या मागं देशमुखांची सानिका असायची. तिचा हात तसाच समोर. पुढं खांदा नाही, काही नाही. हवेत.

“हात खाली घे म्हटलं, घेईना. प्रार्थना संपली तरी घेईना. मी तिला रांगेबाहेर काढलं, गुरुजी. सगळ्यांसमोर. चार वर्षं शिस्त लावली यांना, आणि एका दिवसात...”

ती थांबली. मागं पिंपळावरून कावळा उडाला, त्यानंही दचकली.

“सानिका झुंबरच्या मागं कशी?” भन्तेंनी विचारलं. “ती तर चांगली उंच दिसते.”

“त्याची वेगळीच गंमत.”

झुंबर पहिलीत आली तेव्हा सानिकाची आजी तणतणत शाळेत आली होती. आमच्या पोरीचा हात त्या पोरीच्या खांद्यावर कसा, जागा बदला. सुचिता म्हणाली होती, आजी, ही रांग उंचीची आहे. तुमची नात वाढली की आपोआप मागं जाईल. आजीनं ते मनावर घेतलं. सकाळ-संध्याकाळ पेलाभर दूध, आणि दाराच्या चौकटीला लोंबकळणं. पोर वाढली खरंच. या जूनमध्ये मापलं तर झुंबरपेक्षा वीतभर उंच. मधे दोघी-तिघी आल्या असत्या.

“पण मापताना ही गुडघे वाकवून उभी. सरळ केलं की पुन्हा वाकायची. शेवटी मीच कंटाळले, म्हटलं राहा तिथंच. वेंधळी आहे जरा.”

भन्ते हसले नाहीत.

“गावात झुंबरला कोण शिवायचं?”

सुचितानं आठवून पाहिलं.

“कुणी नाही. दुकानदार बिस्किटाचा पुडा वरून टाकायचा तिच्या ओंजळीत. गिरणीवाला डबा खाली ठेवायला लावायचा, ती मागं सरली की मग उचलायचा.”

“मातीला कोण आलं?”

“पालावरची माणसं. तुम्ही, मी.”

“आणखी?”

“सानिका घराच्या फाटकापर्यंत आली होती म्हणतात. आजीनं आत नेलं तिला.”

“हं...”

शेतापलीकडे पालांवर धूर दिसत होता.

“मला तेवढं सांगा, गुरुजी,” सुचिता म्हणाली. “चार वर्षं रोज आली ती. उन्हाचं, चिखलाचं, अनवाणी. कशासाठी?”

भन्तेंनी काठी भिंतीला लावली. सावकाश उठले. पायरीच्या कडेला सरळ उभे राहिले, टाचा जुळवून, पोरं राहतात तसे. मग उजवा हात समोर लांब केला.

समोर कुणी नव्हतं.

सुचिता बघत राहिली. आता काही बोलतील म्हणून वाट पाहिली. चीवर खांद्यावरून घसरलं, ते त्यांनी सावरलं नाही. हाडकुळा हात आधी बोटांपाशी कापायला लागला, मग कोपरापाशी...

“गुरुजी.”

हात तसाच.

“गुरुजी, दुखेल हो. खाली घ्या ना हात.”

“घेतो,” भन्ते म्हणाले. “तू आधी सांग, सुचिता. कुठं ठेवू?”